रोमा बसली तेव्हा

"फाटकाच्या आत नको," मी म्हणाले.

हे फाटकाबाहेर उभे होते. एका हातात कातडी पट्टा, दुसऱ्या हातात जेवणाची स्टीलची थाळी आणि पायाशी ती. वाळूच्या रंगाची, तोंडाभोवती पिकलेली, कमरेत किंचित वाकलेली. मी सोवळ्यात होते, हातात तुळशीला घालायचा तांब्या.

"संध्याकाळपर्यंत फक्त, मंदा. बाबर जीप घेऊन येणार आहेत. तासगावला त्यांच्या द्राक्षमळ्यावर ठेवतील तिला. तोवर ओट्यावर बांधतो."

"ओटा घराचाच ना?"

"बरं. मग पेरूखाली."

ओट्यावर सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मणी ओढता ओढता म्हणाल्या, "तसबिरीतल्या चार कुत्र्यांना रोज हळदकुंकू वाहतेस, पाचवं जड झालं होय गं?"

मी तांब्या घेऊन तुळशीकडे गेले. पाठीमागे फाटक करकरलं आणि हे तिला हळूच पेरूखाली घेऊन गेले.

आमचे हे, हवालदार श्रीपाद पोतदार, तेव्हा सांगलीला बॉम्बशोधक पथकात होते. रोमा त्यांची कुत्री. त्यांची म्हणजे सरकारची, पण ती पिल्लू असल्यापासून तिचं शिक्षण, खाणं, आजारपण सगळं यांच्याच हातून झालेलं. आदल्या दिवशी तिला हार घालून, पेढा भरवून निवृत्त केलं होतं. निवृत्त कुत्र्याला कुणीतरी घरी न्यावं लागतं. यांनी मला महिनाभर आधीपासून आडून आडून विचारलं होतं आणि मी महिनाभर तितक्याच आडून नाही म्हटलं होतं.

माझ्या घरात सोवळं कडक, माहेरापासूनचं. पहाटे अंघोळ, सोवळ्यात पूजा, स्वयंपाक, नैवेद्य. मग पानातले तीन घास बाजूला काढायचे, गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा. दत्तमहाराज आमचं दैवत, तेव्हा कुत्र्याचा घास मी एक दिवसही चुकवला नाही. पण तो फाटकाबाहेर ठेवायचा आणि पाय धुऊन आत यायचं, असा माझा नेम.

देवापुढे दोन निरांजनं असायची. एक देवाचं आणि दुसरं अवधूतचं. अवधूत माझा धाकटा भाऊ. मुंबईला नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत डबा खायला म्हणून कचेरीबाहेरच्या झाडाखाली गेला आणि रस्त्यावर उभ्या करून ठेवलेल्या कुठल्याशा गाडीत स्फोट झाला. त्याला आणायला हे गेले होते. तिथे काय पाहिलं ते यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच वर्षी यांनी अर्ज करून पथकात बदली मागून घेतली. तेही मी विचारलं नाही. मी आपला एक नेम वाढवला. हे तपासणीच्या कामावर असले की घरी परत येईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. यांना वाटायचं, हिला उपासच फार. सासूबाईंना ठाऊक होतं. त्या काही बोलत नसत, फक्त ताकाचं भांडं माझ्यापुढे सरकवून दुसरीकडे बघत.

पहिल्या पहिल्यांदा असं बोलावणं वर्षातून दोनतीनदा यायचं. मग देशात कुठेही काही झालं, कुठल्या बाजारात, कुठल्या देवळात, की यांच्या कामाचे दिवस वाढत. वाढलेले दिवस पुन्हा कमी झाले, असं कधी झालं नाही. स्टँडवरच्या कचरापेट्या उचलल्या गेल्या. देवळाच्या दारात लोखंडी चौकट आली, पूजेचं ताट उलटंपालटं करून बघू लागले. लग्नाला गेलो तरी हे आधी कार्यालयातल्या खुर्च्यांखाली वाकून येत. "काय रे, चपला हरवल्या?" सासूबाई सगळ्यांदेखत विचारायच्या. लोक हसत, हेही हसत आणि परत जाऊन मागची रांग बघून येत. पुढे पुढे मीसुद्धा देवळात बसण्याआधी बाकाखाली बघू लागले. कधीपासून ते मला सांगता येणार नाही.

तो दिवस गुरुवार होता. नैवेद्य झाल्यावर मी कुत्र्याचा घास घेऊन बाहेर आले. आज तो फाटकाबाहेर न ठेवता पेरूखाली ठेवला, लांबूनच, हात लांब करून. तूप लावलेली पोळी आणि वरणभात. रोमाने घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"खात नाही गं ही," सासूबाई म्हणाल्या. "पोलिसात राहून सोवळ्याची झाली वाटतं."

हे हसत आले. "परक्या हातचं खायचं नाही, असं शिकवलंय तिला. कुणी विष घातलेलं दिलं तर?" मग तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. लगेच तिने खाऊन टाकलं, एकही शीत न ठेवता.

मला ते कुठेतरी लागलं. इतकी वर्षं मी घास ठेवत होते, पण कोण खातं आणि कसं खातं, ते थांबून बघितलं नव्हतं.

दुपारी ऊन सरकत गेलं तशी ती सावलीबरोबर सरकत होती. सासूबाई ओट्यावरून तिच्याशी बोलत होत्या. तिचं नाव त्यांना रुचलं नव्हतं. "रोमा काय रोमा! रमा म्हणावं सरळ. रमे, अगं उभी काय राहतेस मघापासून? बस की जरा."

ती उभीच राहिली. मग चारी पाय पसरून आडवी झाली.

"बसायला सांगितलं तर झोपली बघ. तुझ्यासारखीच आहे, श्रीपाद."

"ती उगाच बसत नाही, आई."

"का? बसायला मुहूर्त लागतो तिला?"

"लागतो," हे म्हणाले आणि तिच्या पाठीवरून ब्रश फिरवत राहिले. थाळी, ब्रश, एक चावून चावून लव गेलेला टेनिसचा चेंडू, असं सगळं त्यांनी एका पिशवीत भरून ठेवलं होतं, बाबरांना द्यायला. मुलगी सासरी जाताना भरतात तसं.

चहा द्यायला गेले तेव्हा यांनी मान वर न करता विचारलं, "तुला तिची भीती वाटते का गं? की विटाळ?"

"भीती नाही," मी म्हणाले. "नेम आहे माझा. आजचा नाही."

"हं. नेम तिलाही आहेत." एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "मळा चांगला आहे बाबरांचा. विहीर आहे, सावली आहे. दोन कुत्री आहेत आणखी. करमेल तिला." ते माझ्याशी बोलत नव्हते हे मला कळत होतं. कप घेऊन मी आत आले. आत आल्यावर चहा गाळायची गाळणी मी दोनदा धुतली.

दिवेलागण झाली. गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे आरती असते. मी पुन्हा अंघोळ करून सोवळं नेसले. पेढ्यांचा नैवेद्य वाटीत काढला. अवधूतच्या निरांजनातली वात संपली होती म्हणून देव्हाऱ्याचा खालचा कप्पा ओढला. वातींचा डबा मागे गेला होता. पुढचे एकदोन डबे बाजूला सारून तो काढला आणि कप्पा तसाच उघडा राहिला. हे मागच्या अंगणात हातपाय धूत होते. बाबरांची जीप कुठल्याही क्षणी येणार होती.

मी वात लावली आणि घंटेला हात घातला. इतक्यात मागे फरशीवर नखांची टकटक ऐकू आली.

रोमा आत आली होती. पट्टा सुटलेला. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, नाक उचललं आणि सरळ माझ्या अंगावरून पुढे गेली. मी सोवळं सांभाळत भिंतीला चिकटले. ती देव्हाऱ्यापुढे गेली आणि बसली. ताठ, पुढचे दोन्ही पाय जुळवून. शेपूटसुद्धा हलेना. देवाकडे तोंड.

"अगं बाई!" दारातून सासूबाईंचा आवाज आला. "मीच सोडली गं तिला, केविलवाणी बघत होती म्हणून. पण बघ तरी! गुरुवारी आरतीला येऊन बसली! महाराजांनीच धाडली म्हणायची!" त्यांनी चटकन हात जोडले.

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. दिवसभर जी उभी राहिली नाहीतर आडवी झाली, ती इथे येऊन बसावी! मीही हात जोडणार होते.

"मंदा, रोमा कुठे..." हे मागच्या दारातून आले आणि बोलता बोलता थांबले.

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या कप्प्याकडे.

"हलू नका कुणी." आवाज अगदी हळू होता. मी तो कधी ऐकला नव्हता. घरातला नव्हता तो, कामावरचा होता. "मंदा, घंटा खाली ठेव. आवाज न करता. निरांजन विझवायला जाऊ नकोस. आईचा हात धर आणि पुढच्या दाराने फाटकाबाहेर जा."

"अरे, पण नमस्कार करतीय ती," सासूबाई म्हणाल्या.

"नमस्कार नाही करत, आई. ती सांगतेय." त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. "बॉम्बचा वास लागला की ती बसते. भुंकत नाही, खरवडत नाही. त्या जागेपुढे बसते आणि बघत राहते. जा तुम्ही. आज घरात कोण येऊन गेलं? कुणी प्रसाद, पार्सल, काही?"

"कुणी नाही," मी म्हणाले. मी अजून भिंतीशीच होते.

"कप्प्यात काय आहे?"

"वाती. कापूर. उदबत्त्या."

"आणखी?"

मी निरांजनाकडे पाहिलं.

"आणखी काय, मंदा?"

"अवधूतची पिशवी," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझा हात धरला होता, तो त्यांनी घट्ट केला.

अवधूत मुंबईला निघाला तेव्हा माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची मी त्याला डब्यासाठी पिशवी शिवून दिली होती. काठाचा बंद केला होता हातात धरायला. तो गेल्यावर दवाखान्यातून एक गाठोडं मिळालं. आईने ते सोडलंही नाही. मला म्हणाली, तू नदीत सोड. मी नदीवर गेले, गाठोडं सोडलं आणि पिशवी तेवढी पदराखाली घेऊन परत आले. एक बाजू जळून काळी पडली होती. बंद शाबूत होता. ती धुवावी असं कितीदा मनात आलं, पण धुतली असती तर त्या बंदावरचा त्याचा हात गेला असता. म्हणून तशीच पत्र्याच्या गोल डब्यात घातली आणि देवाखाली ठेवली. रोज तिच्यावर दिवा लावला. यांना वाटायचं, त्या डब्यातही वातीच आहेत.

हे मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ते ऐकत होते, पण डोळे कप्प्यावरच होते. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तो गोल डबा उचलला, आणि झाकण अगदी सावकाश काढलं. रोमाचं नाक डब्यापाठोपाठ वळलं आणि तिथे थांबलं.

"हेच," हे म्हणाले.

त्यांनी पिशवी बाहेर काढली नाही. झाकण लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

"इतकी वर्षं राहतं?" मी विचारलं.

"कापडाच्या विणीत बसतं ते. डब्यात बंद असलं की जात नाही. आपल्याला कळत नाही. हिला कळतं."

त्याचा हात तेवढा मी जपतेय असं समजत होते. त्याच्याबरोबर ज्याने त्याला नेलं तेही मी देवाखाली जपून ठेवलं होतं आणि रोज दोन वेळा त्याच्यावर दिवा लावला होता.

"अवधूतला आणायला गेलो होतो ना," हे भिंतीकडे बघत म्हणाले, "तिथे उभा राहून एकच गोष्ट मनात येत होती. त्या गाडीपुढे असं कुणीतरी येऊन बसायला हवं होतं. बस्स, एवढंच. कुणीतरी बसलं असतं, तर माणसं उठून लांब गेली असती." बारा गावांची गर्दी मागे सारून पुढे चालणारा माणूस, तोंडावर पंचा धरून बसला.

तेवढ्यात माझं लक्ष रोमाकडे गेलं. ती अजून बसूनच होती. तशीच ताठ. पण मागचे पाय थरथरत होते. कमरेचं दुखणं होतं तिचं, फार वेळ बसवत नव्हतं. ती डब्याकडे बघे, मग यांच्याकडे बघे, पुन्हा डब्याकडे.

"तिला उठायला सांगा ना," मी म्हणाले. "त्रास होतोय तिला."

यांनी पंच्याआडूनच मान हलवली. "शाब्बास म्हणायचं असतं. सापडल्याची शाबासकी मिळाल्याशिवाय ती उठत नाही. मला... जरा थांब."

मी थांबले. सासूबाईही थांबल्या. ती मात्र थरथरत बसून होती. तिने तिचं काम केलं होतं, निवृत्त झाल्यावर, कुणी न सांगता, जिथे तिला आत घेतलंही नव्हतं त्या घरात. अवधूतपुढे जे कुणी बसलं नव्हतं, ते इतक्या वर्षांनी येऊन बसलं होतं. आणि यांच्या प्रत्येक कामाच्या दिवशी हीच पुढे चालत होती. मी उपाशी बसून दिव्यापुढे ज्यांच्या येण्याची वाट बघायची, त्यांना घरी आणून सोडणारी कोण होती, ते मला त्या क्षणी दिसलं.

मी पेढ्यांची वाटी उचलली, सोवळ्यातच तिच्यापुढे बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं गरम होतं, कपाळावरचे केस विरळ झालेले.

"शाब्बास," मी म्हणाले. मग तिच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाले, "शाब्बास, बाळा. सापडलं हं. सापडलं."

पेढा तळहातावर धरला. तिने यांच्याकडे पाहिलं. यांनी पंचा बाजूला करून मान हलवली. मग माझा तळहात ओला झाला आणि ती उठून, एक पाय ओढत, माझ्या मांडीशी येऊन आडवी झाली.

मग सासूबाई म्हणाल्या, "सोवळं मोडलं गं तुझं."

"मोडलं," मी म्हणाले.

"मग उद्या नेस पुन्हा. आणि मला एक पेढा दे. माझे पाय अजून लटपटताहेत, मला नाही कुणी शाब्बास म्हणत ते."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हे उठू लागले, पण त्यांच्या आधी मी उठले. बाबर फाटकाशी उभे होते, डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात नवीकोरी साखळी.

"काय वैनी, तयार हाय न्हवं पाव्हणी?"

"तुम्हाला फुकट हेलपाटा पडला, भाऊ," मी म्हणाले. "ती जेवून झोपलीय. या, तुम्ही चहा घ्या."

ते माझ्या सोवळ्याला लागलेल्या वाळूच्या रंगाच्या केसांकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे, सासूबाई आणि मी कृष्णेच्या घाटावर गेलो. मी पायरीवर बसून पिशवी धुतली. साबण लावून, पिळून, पुन्हा लावून. वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. घरी आणून उन्हात वाळवली आणि हातात धरून रोमापुढे नेली. हे बाजूला श्वास धरून उभे होते. तिने बंदाचा वास घेतला, जळक्या बाजूचा घेतला, माझ्या बोटांचा घेतला. मग वळली आणि पेरूखाली जाऊन आडवी झाली.

यांनी धरलेला श्वास सोडला. मीही.

रोमा आमच्याकडे पुढे काही वर्षं राहिली. कुत्र्याचा घास मग बाहेर गेला नाही, मी तो हातानेच भरवायची आणि हात धुऊन पुढच्या कामाला लागायची. ती गेली तेव्हा सासूबाईंनी दिवसभर तिला रमा म्हणून हाका मारल्या. आता सासूबाईही नाहीत. हे निवृत्त झाले, तेव्हा माझा उपाशी राहण्याचा नेम सुटला. त्याबद्दल मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

पिशवी माझ्याकडेच आहे. तिच्यातून मी देवाला फुलं नेते. दत्तजयंतीला वाडीला गेलो की दारात अजूनही रांग थांबवतात, ताटं, पिशव्या खाली ठेवायला लावतात. लोक कुरकुरतात. मग एखादं तरणं कुत्रं येतं आणि ओळीने सगळ्यांच्या पिशव्यांचा वास घेत जातं. माझ्या पिशवीपाशी आलं की हे माझा दंड धरतात, कशासाठी ते त्यांनाही सांगता यायचं नाही. ते वास घेतं आणि पुढे जातं. सगळी रांग पुढे सरकते, बायका, पोरं, म्हातारी माणसं, घाईने देवाकडे.

सापडलं तर त्याला शाबासकी मिळते. काही सापडलं नाही तर कुणी काही म्हणत नाही. म्हणून ते माझ्याजवळून पुढे जाताना मी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणते, "शाब्बास."